ओला कापूस, कोरडा कापूस

दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावीला एकदम इंग्रजी सायन्स. यवतमाळकडच्या आमच्या खेड्यांतली बरीच पोरं याच वाटेनं जातात, मीही गेलो. पहिल्याच चाचणीत आयसोटोप आणि आयसोबारच्या व्याख्या उलट्या लिहून आलो. दोन्ही शब्दांची सुरुवात एकच, पाठांतरात शेपटांची अदलाबदल झाली.

घरी येऊन मराठी शब्द आठवले : आयसोटोप म्हणजे समस्थानिके, आयसोबार म्हणजे समभारिके. उत्तर नावातच होतं! फ्रेडरिक सॉडींनी 1913 साली आयसोटोप हा शब्द वापरला, तो ग्रीकमधल्या ‘समान जागा’ या अर्थाचा. आवर्तसारणीत जागा एकच. आयसोबारमधला ‘बार’ म्हणजे भार. म्हणून सांगतो, इंग्रजीत शिकत असाल तरी मराठी शब्द सोडू नका.

बाकीचं मला काट्यावर समजलं. आई किलोच्या मजुरीवर कापूस वेचायची. सकाळी दवात वेचलेलं गाठोडं जड भरतं, दुपारचं तेवढंच गाठोडं हलकं. पण दोन्ही जातात कापसाच्याच गंजीत. अणूच्या केंद्रकातले प्रोटॉन म्हणजे माल कोणता ते, न्यूट्रॉन म्हणजे ओल, आणि नावापुढचा आकडा म्हणजे दोन्ही मिळून भरलेलं वजन. कार्बन-12, 13 आणि 14 मध्ये प्रोटॉन 6च, न्यूट्रॉन 6, 7 आणि 8. इलेक्ट्रॉनही तेवढेच, म्हणून रासायनिक गुणधर्म जवळपास सारखे.

आता 40 किलो कापूस, 40 किलो तूर, 40 किलो सोयाबीन मोजा. काट्याचा आकडा एक, माल तीन. अर्गॉन-40, पोटॅशियम-40, कॅल्शियम-40 तसेच आहेत. प्रोटॉन 18, 19, 20. अर्गॉन निष्क्रिय वायू, तर पोटॅशियम पाण्यात पडलं की पेटतं.

एका ठिकाणी मात्र ही उपमा पुरत नाही. कार्बन-14 मधला एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो, इलेक्ट्रॉन बाहेर पडतो आणि उरतो नायट्रोजन-14. ओलीचाच माल झाला, भार तोच! म्हणजे कार्बन-14 हे कार्बन-12चं समस्थानिक आणि नायट्रोजन-14चं समभारिक. हे नीट कळेपर्यंत पुढे जाऊ नका.

पेपरात पर्याय वाचण्याआधी मूलद्रव्याच्या प्रत्येक संज्ञेला दोन्ही अंक लावा. खालचा अणुअंक (प्रोटॉनची संख्या) जुळला तर समस्थानिके. तो वेगळा आणि वरचा अणुवस्तुमानांक (प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन) सारखा, तर समभारिके. आणि क्लोरीनचं अणुवस्तुमान 35.5 पाहून घाबरू नका, अर्धा न्यूट्रॉन नसतो. क्लोरीन-35 आणि 37 निसर्गात साधारण 3:1 प्रमाणात मिळतात, त्यांची ती सरासरी.