पावसाळी घाटात एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल कसे वापरावे
भारतात 125 सीसीवरील नव्या दुचाकींना एप्रिल 2019 पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक लॉक (जाम) होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे आहे; तरीही संकटाच्या क्षणी ब्रेकचा लिव्हर थरथरू लागताच अनेक जण घाबरून तो सोडून देतात, आणि नेमके तेच करू नये. ती थरथर म्हणजे चाक लॉक होऊ नये म्हणून यंत्रणा ब्रेकचा दाब सेकंदाला अनेकदा कमी-जास्त करत असल्याची खूण असते. मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर ताशी 30 किलोमीटर वेगाने याचा सराव आधीच करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपल्या गाडीचे एबीएस सिंगल चॅनेल आहे का, हे तपासावे. तसे असल्यास ते फक्त पुढच्या चाकावर चालते आणि मागचे चाक लॉक होऊ शकते. साधे एबीएस गाडी किती कललेली आहे हे ओळखत नाही, त्यामुळे ताम्हिणीसारख्या घाटात वेग वळणाआधीच, गाडी सरळ असताना कमी करावा. झिजलेल्या टायरला तर कोणतीही यंत्रणा पकड मिळवून देत नाही.

सुट्या खडीवर एबीएसमुळे थांबण्याचे अंतर वाढू शकते. मागचे एबीएस बंद करण्याची सोय असल्यास ती तिथेच वापरावी. ट्रॅक्शन कंट्रोल मागचे चाक जागीच फिरू लागताच इंजिनाची ताकद कमी करते, पण चिखलात रुतलेली गाडी काढताना हीच मदत आड येते. तेवढ्यापुरते ते बंद करावे आणि डांबरी रस्ता लागताच दोन्ही पुन्हा सुरू करावे.