मेंढा कळपात सोडण्याआधी वीर्य तपासा

मेंढा मेंढीवर चढतो म्हणजे ती गाभण राहीलच असं नाही. पैदाशीच्या हंगामाआधी दोन-अडीच महिने पशुवैद्यकाकडून त्याचं वीर्य तपासून घ्या. चांगलं वीर्य साधारण १ मिलिलिटर, सायीसारखं दाट. पाणचट असेल तर शुक्राणू कमी. गुलाबी झाक म्हणजे रक्त. सूक्ष्मदर्शकाखाली थेंबात भराभर फिरणाऱ्या लाटा दिसायला हव्यात. मात्र काचपट्टी ३७ अंशांच्या आसपास कोमट हवी. गार काचेवर धडधाकट शुक्राणूही मंदावतात आणि बिचारा मेंढा उगाच बाद ठरतो! बरेच दिवस वेगळा ठेवलेल्या मेंढ्याचा पहिला नमुनाही फसवा, त्यात जुने मेलेले शुक्राणू जास्त असतात. दुसरा घ्यायला सांगा.

एका खराब अहवालावर मेंढ्याला बाजार दाखवू नका. शुक्राणू तयार होऊन बाहेर पडायला जवळपास दोन महिने लागतात, त्यामुळे मे महिन्यातल्या उन्हाचा किंवा तापाचा फटका जुलैपर्यंत दिसू शकतो. तेवढ्या अंतराने फेरतपासणी करा. वृषण चाचपताना खालच्या टोकाला कडक गाठ लागली, तर मात्र थांबू नका. ब्रुसेला या संसर्गजन्य रोगाच्या जिवाणूसाठी रक्ततपासणी होईपर्यंत तो नर वेगळा बांधा.