जुना गेमपोर्टचा योक नव्या सिम्युलेटरला जोडताना

विमान उडवण्याच्या सिम्युलेटरसाठी पूर्वी घेतलेला योक (विमानाच्या सुकाणूसारखा दांडा), पेडल किंवा थ्रॉटल, म्हणजे जुन्या संगणकाच्या गेमपोर्ट नावाच्या जॉयस्टिक-सॉकेटला लागणारा पंधरा पिनांचा माल, भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उघडून पाहा. आत दोन-तीन पोटेन्शिओमीटर (फिरवल्यावर रोध बदलणारे भाग), चार स्विच आणि स्प्रिंगा, एवढाच माल असतो आणि तो सहसा शाबूत असतो. अडतं ते संगणकाशी बोलण्याचं. विंडोज व्हिस्टापासूनच गेमपोर्टचा आधार काढून टाकला आहे, त्यामुळे ड्रायव्हर शोधत बसण्यात अर्थ नाही.

गेमपोर्टचं यूएसबी करून देणारा स्वस्त अडॅप्टर दोन अक्ष (हालचालीच्या दिशा) आणि चार बटनांच्या साध्या जॉयस्टिकला चालतो. सीएच कंपनीच्या जुन्या मालात मात्र हॅट (अंगठ्याने चारही दिशांना ढकलायची छोटी कळ) फिरवला की बटनांच्या चार तारांपैकी ठरावीक तारा एकदम दाबल्या जातात. साध्या अडॅप्टरला ती खूण कळत नाही. हॅट वर केला की एकाच वेळी तीन-चार बटनं लागतात, आणि मग दोष सिम्युलेटरला दिला जातो. त्यापेक्षा आतली जुनी पाटी बाजूला करून नवा बोर्ड बसवणं सरळ पडतं.

बोर्ड घ्यायचा तो प्रो मायक्रो, ५ व्होल्टचा, एटीमेगा ३२यू४ चिपचा. ही चिप स्वतःच यूएसबी जॉयस्टिक म्हणून ओळख देते. जुन्या आर्डुइनो ऊनो बोर्डातली मुख्य चिप ते करत नाही, म्हणून घरात पडलेला जुना ऊनो इथे कामाचा नाही. सोबत प्रत्येक अक्षासाठी ०.१ मायक्रोफॅरडचा एक सिरॅमिक कपॅसिटर (अंगावर '१०४' छापलेलं असतं), थोडी शील्डची (वरून धातूच्या जाळीचं आवरण असलेली) तार आणि मल्टीमीटर. नागपूरला चक्कर होणार असेल तर सीताबर्डीत चौकशी करा, नाहीतर कुरिअरने मागवा. केबल मात्र तपासून घ्या: मोबाइलसोबतच्या काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतात. टाइप-सी बोर्ड असेल तर दुसऱ्या टोकाला साधं चपटं यूएसबी-ए असलेली केबल वापरा. दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलवर काही स्वस्त बोर्ड चालूच होत नाहीत.

आता मुख्य काम. गेमपोर्टमध्ये पोटेन्शिओमीटरच्या तीन पायांपैकी दोनच जोडलेले असतात: एक टोक ५ व्होल्टला (पिन १, ८, ९) आणि मधला पाय अक्षाच्या पिनला (३, ६, ११, १३). संगणक रोध मोजायचा. प्रो मायक्रो व्होल्टेज मोजतो. म्हणून योक न उघडता बाहेरच्या बाहेर अक्षाची पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये १०० किलोओहमचा रोध टाकण्याची युक्ती बरेच जण करतात. मापं येतात, पण वाकडी. पूर्ण १०० किलोओहम फिरणाऱ्या पोटेन्शिओमीटरवर एका टोकाला १०२३, दुसऱ्याला ५११, आणि मधोमध धरल्यावर ७६७ ऐवजी ६८२. विमान एका बाजूला हळू आणि दुसऱ्या बाजूला झपकन वळतं. कॅलिब्रेशनने टोकं जुळतात, मधला बाक तसाच राहतो.

तेव्हा योक उघडाच. मोकळ्या तिसऱ्या पायाला ग्राउंडची तार सोल्डर करा, पहिलं टोक बोर्डाच्या व्हीसीसीला (५ व्होल्टच्या पिनला), मधला पाय ए० या अ‍ॅनालॉग पिनला. दुसरा अक्ष ए१ ला. मधला पाय आणि ग्राउंड यांच्यामध्ये तो '१०४' कपॅसिटर लावा, तोही बोर्डाजवळ. ही चिप १० किलोओहमपर्यंतच्या स्रोतासाठी बनवली आहे. १०० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर त्याहून जड पडतो आणि आकडे थरथरतात. तो झिजलाच असेल तर १० किलोओहमचा 'बी' खुणेचा घ्या. 'ए' खुणेचा आवाज कमी-जास्त करण्याचा असतो, योकला निरुपयोगी.

बटनं सोपी. एक पाय ग्राउंडला, दुसरा डिजिटल पिनला, आणि प्रोग्राममध्ये आतला पुल-अप (पिनला ५ व्होल्टकडे धरून ठेवणारा रोध) चालू. सीएचच्या योकमध्ये जुनी पाटी टाळून तार थेट स्विचवर न्या.

सोल्डरिंगआधी मल्टीमीटर रोधावर ठेवून मधल्या पायाला आणि एका टोकाला लावून योक हळूहळू फिरवा. आकडा मध्येच उडी मारत असेल तर आत धूळ आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे ती कुठेही शिरते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून वीस-तीस वेळा फिरवा. सायकलच्या चेनचं तेल तिथे नको.

आर्डुइनो आयडीईमध्ये (बोर्डात प्रोग्राम भरण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) प्रो मायक्रोसाठी 'लिओनार्डो' निवडलं तरी चालतं. जॉयस्टिक लायब्ररीची झिप फाइल जोडा. योक पोटेन्शिओमीटरला पूर्ण फिरवत नाही, म्हणून आकडे ३४० ते ६८० एवढेच येऊ शकतात. सीरियल मॉनिटरवर दोन्ही टोकं बघून तीच मर्यादा प्रोग्राममध्ये लिहा. मग विंडोजमध्ये पुन्हा कॅलिब्रेट करू नका. दोन ठिकाणची दुरुस्ती एकमेकींशी भांडते.

बॅटरी, अल्टरनेटर, लाइट यांच्या टॉगल स्विचचं पॅनल असेल तर वेगळा आर्डुइनो मेगा २५६० बोर्ड घ्या आणि त्यात मोबीफ्लाइट (स्विच सिम्युलेटरशी जोडणारं सॉफ्टवेअर) टाका. सॉफ्टवेअर फुकट आहे, पिना भरपूर आहेत. प्रत्येक टॉगलला 'दाबल्यावर' आणि 'सोडल्यावर' अशा दोन्ही आज्ञा द्या, नाहीतर स्विच खाली आणि बत्ती चालू असा उलटा कारभार होतो. योकच्या प्रो मायक्रोवर मोबीफ्लाइट चढवू नका. त्याची जॉयस्टिकची ओळख पुसली जाते.

एफएसयूआयपीसीवर (सिम्युलेटर आणि बाहेरच्या सॉफ्टवेअरमधला दुवा) चालणारी जुनी पॅनल सॉफ्टवेअर एफएसयूआयपीसी ७ वर बरीचशी चालतात. एफएसएक्स या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या सिम्युलेटरच्या आत बसणाऱ्या ३२ बिट डीएलएल फाइली नव्या सिम्युलेटरमध्ये चालत नाहीत. सायटेक कंपनीची यूएसबी पॅनल मध्येच झोपत असतील तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी हबची वीज वाचवण्याची खूण काढा.

सिम्युलेटर निवडताना गावातलं नेट बघा. मायक्रोसॉफ्टचा २०२४ चा सिम्युलेटर जमिनीची माहिती उडतानाच उतरवतो; मोबाइल हॉटस्पॉटवर गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून नागपूरला निघालात तर खाली धूसर डाग दिसतील. एक्स-प्लेन १२ ची जमीन आधीच डिस्कवर असते.

राहिला कूलर. त्याची मोटर सुरू-बंद होताना बसणारा झटका लांब, उघड्या तारांतून बोर्डापर्यंत येतो आणि यूएसबी तुटल्याचा आवाज होतो. कूलर वेगळ्या सॉकेटवर, अक्षाच्या तारा शील्डच्या, शील्ड बोर्डाकडच्या एकाच टोकाला ग्राउंडला. अर्थिंग नुसतं नावाला असलेल्या घरात आधी तेच नीट करून घ्या. पॅनलही कूलरच्या थेट झोतात नको. ओलसर हवेने स्विचचे पॉइंट काळे पडतात. खोक्याची भोकं बारीक जाळीने बंद करा, नाहीतर पावसाळ्यात उंदीर तारा कुरतडतात.