ग्रीकांची लाज आणि जबाबदारी: वाचताना या चुका टाळा

ग्रीक नीतिविचारावरचे निबंध मी दरवर्षी तपासते आणि दरवर्षी पहिल्याच पानावर तेच वाक्य भेटतं. ग्रीकांची संस्कृती लाजेची, म्हणजे 'लोक काय म्हणतील' याची होती, जबाबदारीची खरी जाणीव नंतर आली. ग्रीक साहित्याचे अभ्यासक ई. आर. डॉड्स यांनी 1951 साली 'लाजेची संस्कृती' आणि 'अपराधभावाची संस्कृती' हे वर्गीकरण मानववंशशास्त्रातून ग्रीक अभ्यासात आणलं, पण हा फरक सापेक्ष आहे असंही त्यांनीच बजावलं होतं. ते बजावणं कुणी वाचत नाही, लेबल तेवढं उचलतात.

'देवाने केलं, म्हणजे माणूस सुटला'

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. एम.ए.च्या वर्गात एका हुशार मुलाने 'इलियड' या होमरच्या ट्रॉय-युद्धावरच्या महाकाव्याच्या एकोणिसाव्या सर्गावर टिपण वाचलं. आपल्याच बाजूच्या अ‍ॅकिलीस या योद्ध्याची बंदिवान स्त्री ब्रिसेइस हिसकावून घेतल्याबद्दल ग्रीकांचा सेनापती अ‍ॅगामेम्नॉन भर सभेत म्हणतो, दोष माझा नाही, देवराज झ्यूस, नियती आणि अंधारात फिरणाऱ्या एरिनीस या सूडदेवतेचा आहे. मुलाचा निष्कर्ष तयार होता: होमरच्या माणसाला जबाबदारी ठाऊकच नव्हती. मी विचारलं, अ‍ॅगामेम्नॉन पुढे काय म्हणतो? त्याला माहीत नव्हतं. उतारा गाईडमधून घेतला होता आणि तिथे तो एवढाच छापला होता.

मग पुस्तक त्याच्या हातात दिलं आणि मोठ्याने वाचायला लावलं. मध्ये हेराक्लीसच्या जन्माच्या वेळी खुद्द झ्यूस कसा फसला, ती लांबलचक गोष्ट येते. ती संपली की अ‍ॅगामेम्नॉन म्हणतो, माझी बुद्धी झ्यूसने नेली, म्हणून मला भरपाई करायची आहे, अमाप द्यायचं आहे. आणि ती तो देतो: सात तिवया, वीस कढया, बारा घोडे, दहा टॅलेंट (ग्रीक वजन) सोनं, सात स्त्रिया आणि आठवी ब्रिसेइस. (माणसंही या यादीत मोजली जातात, हेही त्या जगाबद्दल विसरू नये.) देवाचं नाव घेऊन तो आपलं वागणं कसं घडलं ते सांगतो, नुकसान मात्र स्वतःच्या खात्यातून भरतो. वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही. त्या मुलाने टिपण नव्याने लिहिलं आणि चांगलं लिहिलं.

माझी सवय एकच आहे. उतारा कितीही प्रसिद्ध असो, त्याच्या आगेमागे निदान पन्नास ओळी वाचल्याशिवाय त्यावर एक शब्दही लिहायचा नाही. ज्यांना एवढी सवड नाही, त्यांनी होमरबद्दल मत देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

'लाज म्हणजे फक्त बाहेरची नजर'

इथे दाखला म्हणून ट्रॉयच्या बाजूचा मुख्य योद्धा हेक्टर येतो. 'इलियड'च्या बाविसाव्या सर्गात तो तटाबाहेर एकटा उभा आहे. ट्रॉयच्या माणसांची मला लाज वाटते, म्हणतो, माझ्याहून हलका कुणी म्हणेल की हेक्टरने स्वतःच्या बळावर विसंबून लोकांचा नाश केला. झालं, पुरावा मिळाला! पण त्याच्या लगेच आधीची ओळ बघा. साथीदार पॉलिडामसने सैन्य शहरात घ्यायला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, माझ्या बेफिकिरीने मी लोकांचा नाश केला, हे हेक्टर स्वतःच आधी कबूल करतो. तो हलका माणूस बोलला, तर खरं तेच बोलेल, आणि लाज त्या खरेपणाची आहे.

एवढ्याने पटलं नाही, तर नाटककार सोफोक्लीजचं इ.स.पू. 409 मधलं 'फिलोक्टेटीस' हे नाटक वाचा. ओडिसियस तरुण निओप्टोलेमसला सांगतो, दिवसातल्या थोड्या वेळापुरती लाज सोड, मग उरलेला जन्म धर्मनिष्ठ म्हणून मिरव. पोरगा आजारी फिलोक्टेटीसला फसवून, ट्रॉय जिंकायला लागणारं त्याचं धनुष्य मिळवतो आणि पुढे परत करतो. अख्खं ग्रीक सैन्य विरोधात जाईल हे त्याला माहीत आहे. लोकांचीच लाज असती, तर धनुष्य हातातच राहिलं असतं.

बाकीच्या चुका थोडक्यात.

अ‍ॅरिस्टॉटलच्या सद्गुणांच्या यादीत लाज घालू नका. 'निकोमाखियन एथिक्स' या नीतिग्रंथाच्या चौथ्या पुस्तकाच्या शेवटी तो तिला भावनेच्या जवळ ठेवतो आणि तरुणांना शोभणारी मानतो. प्रौढाने लाजावं लागेल असं मुळात करूच नये, हे त्याचं म्हणणं.

'अजाणता केलं, म्हणून माफ' हेही त्याच्या नावावर खपवू नका. दारूच्या नशेत गुन्हा केला तर दुप्पट शिक्षा, हा कायदा तो मान्यतेने सांगतो, कारण न पिणं माणसाच्या हातात होतं.

आणि नकळत बापाला मारून आईशी लग्न करणाऱ्या इडिपसवर लिहिताना एकच नाटक वाचून थांबू नका. पहिल्यात, म्हणजे 'राजा इडिपस'मध्ये, सत्य कळल्यावर तो स्वतःचे डोळे फोडतो. सोफोक्लीजच्या मृत्यूनंतर, इ.स.पू. 401 मध्ये सादर झालेल्या 'इडिपस अ‍ॅट कोलोनस' या नाटकात तोच इडिपस ठामपणे सांगतो की मला माहीत नव्हतं, कायद्यापुढे मी निर्दोष आहे. तरीही त्याच नाटकात, उपकारकर्त्या थिसियसचा, अथेन्सच्या राजाचा, हात धरायला पुढे झालेला तो मध्येच थांबतो: इतका डाग लागलेल्या माणसाने तुला कसं शिवावं?