‘फाकिओ’चं मूळ शोधताना मी कुठे आपटलो

संस्कृत शिकून भाषांच्या तुलनेकडे वळलेल्या तुम्हा नवख्यांसाठी हे लिहितोय. लॅटिन ‘फाकिओ’ (मी करतो) म्हणजे आपलाच संस्कृत ‘धा’ (ठेवणे) धातू, हे कळल्यावर मीही तुमच्यासारखाच हरखलो होतो. शब्दारंभीच्या ‘ध’चा लॅटिनमध्ये ‘फ’ होतो, एवढं तुम्हाला ठाऊक असेलच. ‘क्रेदो’च्या (मी विश्वास ठेवतो) पोटात तोच ‘ध’ ‘द’ होऊन बसलाय, म्हणून ‘क्रेदो’ आणि ‘श्रद्धा’ भावंडं. इथवर मजाच आहे.

माझं घोडं अडलं ते भूतकाळापाशी. रोमजवळच्या प्रेनेस्ते गावच्या सोन्याच्या पिनेवर, इ. स. पू. 7व्या शतकात, कोरलंय ‘मानिओस मेद फेफाकेद नुमासिओइ’, म्हणजे मानिओसने मला (पिनेला) नुमासिओससाठी केलं. रोममध्ये सापडलेलं दुएनोसचं भांडं त्यानंतरच्या शतकातलं, त्यावर त्याच अर्थाचं ‘फेकेद’ (केलं). मी लगेच रेघ ओढली: आधी फेफाकेद, मग मधला ‘फा’ गळाला, ‘ए’ लांबला, झालं फेकेद. तारखाही जुळत होत्या! सेमिनारमध्ये दहा मिनिटं छाती फुगवून बोललो. मागच्या बाकावरून एकच प्रश्न आला, “मग ग्रीक ‘एथेके’तला (त्याने ठेवलं, तोच धातू) दीर्घ ए कशाच्या गळतीतून आला?”

उत्तर नव्हतं. तो दीर्घ ए धातूचा स्वतःचाच आहे. आपल्याकडचं बघा: ‘दधौ’ हा लिट् (परोक्ष भूतकाळ), त्यात द्वित्व, म्हणजे धातूचं पहिलं अक्षर दोनदा, ‘अधात्’ हा लुङ् (सामान्य भूतकाळ), त्यात नाही. लॅटिनच्या एकाच भूतकाळात हे दोन्ही प्रवाह येऊन मिसळले. ‘केकिनी’ (मी गायलो) द्वित्वाचं, ‘दीक्सी’ (मी म्हणालो) स-कारी लुङ्चं. म्हणून फेकेद हे फेफाकेदचं पोर नव्हे. लॅटिनची दक्षिण इटलीतली बहीण ऑस्कन, तिने द्वित्वच धरून ठेवलं. तिथल्या बांतिया गावच्या कांस्यपटावर ‘फेफाकुस्त’ (केलं असेल) आहे. लेख आधीचा म्हणजे रूप आधीचं, असं नसतं. पुन्हा सांगतो, नसतं. कोणतं रूप कुठल्या गावात टिकलं, एवढंच लेख सांगतो.

‘फाकिओ’तल्या ‘क’चंही तसंच, तो मूळ धातूतला नाही. ग्रीकमध्ये तो एकवचनी ‘एथेके’त आहे, अनेकवचनी ‘एथेमेन’मध्ये (आम्ही ठेवलं) नाही. लॅटिनने मात्र तो वर्तमानकाळातही नेला. त्यामुळे ‘फाक्’ हाच मूळ धातू समजलात तर संपलं.

घाबरू नका. दशगणी (संस्कृत धातूंचे दहा गण) ज्यांनी एकदा घोकलीय त्यांचं अर्धं काम झालंय. तारांकित रूपांचे (लेखात न सापडलेली, तर्काने मांडलेली रूपं) आयते तक्ते मात्र पहिलं वर्षभर उघडूच नका, हे माझं हट्टी मत. आणि मार्गदर्शकाचा शब्द शेवटचा मानू नका. एकांनी मला “ती पीन बनावट आहे, सोडून द्या” म्हणून सहा महिने त्या वाटेला जाऊ दिलं नाही. 1980 मध्ये तसा आरोप गाजला होता खरा, पण 2011 मध्ये तपासणीत पीन अस्सल ठरली. तपासणीचा अहवाल त्यांनी वाचलाच नव्हता. मीही नव्हता, म्हणा.

लॅटिन ‘फीओ’ला (मी होतो) जपून. दिसायला तो ‘फाकिओ’चा कर्मणी प्रयोग, पण त्याचा ‘फ’ आलाय ‘भ’पासून, तो आपला ‘भू’. माझ्या जुन्या वहीत दोन्ही एकाच पानावर आहेत, बाणाने जोडलेले. बाण नंतर लाल शाईने खोडलाय.