प्रकल्पाचा विषय फळ्यावर येण्याआधी

शाळेत नव्याने ग्रंथपाल झालेले बरेच जण पहिल्याच आठवड्यात कपाटं आवरायला घेतात. आवरा जरूर, पण त्याआधी शिक्षकांच्या खोलीत जाऊन बसा. ग्रंथालयात गर्दी कधी होणार आणि कुठल्या पुस्तकावर उड्या पडणार, हे तिथे ठरतं. शिक्षक पहिल्या तासाला 'पाणी' हा विषय देऊन मोकळे होतात आणि मधल्या सुट्टीत अख्खा वर्ग तुमच्यापुढे उभा! म्हणून प्रत्येक विषयशिक्षकाकडून विषय, इयत्ता आणि मुलांनी नेमकं काय लिहायचंय, एवढं दोन आठवडे आधी मागून घ्या. चिठ्ठी चालेल, मेसेज चालेल. छापील फॉर्म मात्र करू नका, तो कुणीही भरत नाही.

दोन आठवडे कशाला? पुस्तकं गोळा करायला. ड्यूई दशांश पद्धतीत, म्हणजे पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देऊन लावायच्या पद्धतीत, 'पाणी' एका जागी सापडत नाही. पाण्याचं रसायन ५४६ मध्ये, नद्या आणि भूजल ५५१.४८-५५१.४९ मध्ये, पाण्याचा साधनसंपत्ती म्हणून विचार ३३३.९१ मध्ये आणि पाणीपुरवठा थेट ६२८.१ मध्ये. नववीतल्या मुलाने ही चार कपाटं हुडकत बसावं अशी अपेक्षा का धरायची? ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथं 'वाचकाचा वेळ वाचवा' असंच सांगतं. तेव्हा ही सगळी पुस्तकं तात्पुरती एका फळीवर आणा, वर विषयाची पट्टी लावा आणि मूळ जागी 'प्रकल्पाच्या फळीवर' अशी चिठ्ठी ठेवा. दोनतीन सोपी पुस्तकंही त्यांतच मिसळा, वेगळी खूण न करता. 'सोपे' असं लिहिलेल्या पुस्तकाला दहावीतला मुलगा हात लावत नाही. या फळीवरची पुस्तकं शेवटच्या तासानंतर द्यायची आणि दुसऱ्या दिवशी शाळा भरताना परत घ्यायची. नाहीतर पहिला आलेला ती पंधरा दिवस घरी नेतो.

प्रकल्पाचा प्रश्न ठरतानाच शिक्षकांशी बोलता आलं तर फारच बरं. 'पाण्याचे महत्त्व' दिलं की चाळीस वह्यांत एकच मजकूर येतो. 'शाळेच्या टाकीत पाणी कुठून येतं आणि वाटेत त्याचं काय काय होतं' असं विचारलं की उतरवायला आयतं काही मिळत नाही.

आता मुलांकडे वळू. "मॅडम, पक्ष्यांवर काही आहे का?" असं विचारल्यावर ५९८ च्या कपाटाकडे बोट दाखवू नका. "पक्ष्यांचं काय शोधतेस?" म्हणा. मग कळतं, की तिला स्थलांतर करणारे पक्षी वाट कशी चुकत नाहीत, हे हवंय. पुस्तक तिच्याच हातात द्या आणि शेवटची पानं उघडायला सांगा. अनुक्रमणिका पुढे असते हे सगळ्यांना ठाऊक असतं. मागची शब्दसूची बहुतेकांनी कधी पाहिलेलीच नसते. 'स्थलांतर' शोधायचं, नसेल तर 'दिशा', तेही नसेल तर 'चुंबकीय क्षेत्र'. शब्द बदलून बघणं इथे जमलं की इंटरनेटवरही जमतं. पान तुम्ही काढून देऊ नका, हात शिवशिवले तरी.

मुलं हल्ली चॅटबॉटने दिलेली पुस्तकांची यादीही घेऊन येतात. त्यातली काही पुस्तकं कुणी लिहिलेलीच नसतात. रागावू नका, त्यांच्यासोबत बसून एकेक नाव ग्रंथालयाच्या तालिकेत आणि प्रकाशकाच्या यादीत शोधा. संकेतस्थळाचंही तसंच: त्या पानावर ते स्वतःबद्दल काय म्हणतात ते राहू द्या, दुसरी खिडकी उघडून इतर त्यांच्याबद्दल काय म्हणतात ते बघायला लावा.

शरीर, वयात येणं, मनाची घालमेल यांवरची पुस्तकं काउंटरच्या समोर ठेवू नयेत. कोपऱ्यात, पण ठळक पाटीसह ठेवावीत, म्हणजे कुणाला विचारावं लागत नाही. कोणी काय नेलं हे वर्गशिक्षकांनाही सहज म्हणून सांगायचं नाही. थकीत पुस्तकांची यादी वर्गात वाचायची असेल तर फक्त मुलांची नावं वाचा, पुस्तकांची शीर्षकं नकोत.

एक कटकट सांगून ठेवते: शिक्षक रजेवर असले की तो वर्ग ग्रंथालयात पाठवायची सवय. ऑफ तास घ्या, पण विषयशिक्षकांबरोबरचे ठरलेले तास वेळापत्रकात लिहून घ्या, नाहीतर ते आधी जातात.

जुनी पुस्तकं बाद करताना विज्ञानापासून सुरुवात करा. २००६ साली प्लूटो बटुग्रह ठरला, तरी त्याला नववा ग्रह म्हणणारी पुस्तकं कपाटात असतातच. एखादी प्रत विज्ञानाच्या बाईंना द्या, वर्गात दाखवायला त्या आनंदाने नेतील.

आणि काउंटरवर एक वही ठेवा. जे मागितलं आणि देता आलं नाही, ते तारीख घालून तिथल्या तिथे लिहायचं. खरेदीची यादी मुख्याध्यापकांकडे नेताना ही वही सोबत न्या. "हे पुस्तक कशाला?" असं विचारलं, की ते पान उघडायचं.