भेकर पाहायचे असेल तर

भेकर हे लहान चणीचे, एकटे राहणारे हरिण कोयना, चांदोली, राधानगरी आणि भीमाशंकरच्या दाट रानात आजही आढळते. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार त्याची शिकार हा गुन्हा आहे. फास लावणे किंवा पकडण्यासाठी हाकारा घालणे हीदेखील कायद्याने शिकारच ठरते. जुन्या शिकाऱ्यांचे माग काढण्याचे आणि लपून बसण्याचे कसब मात्र निरीक्षकाने जरूर शिकावे, कारण रान तुडवत फिरणाऱ्याला भेकर सहसा पळतानाच दिसते.

वनविभागाची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या सोबत असावा. आदल्या दिवशी पाणवठ्याकाठची ओली माती पाहावी. तेथे टोकाकडे निमुळते होत गेलेले, तीन-चार सेंटिमीटरचे जोडखुराचे ठसे मिळाले, किंवा उंबर-आवळ्याखाली पडलेली फळे खाल्लेली दिसली, तर ती जागा बसण्यासाठी निवडावी.

खरे यश वाऱ्यावर अवलंबून असते. डोंगरउतारावर पहाटे थंड हवा खाली वाहते, म्हणून उजाडण्यापूर्वी भेकराच्या वाटेच्या खालच्या अंगाला, झाडाच्या बुंध्याला पाठ टेकून बसावे. ऊन तापल्यावर हवा वर चढू लागते आणि तीच जागा निरुपयोगी ठरते. अत्तर, तंबाखू आणि सळसळणारे कपडे टाळावेत. माझ्या मते महागड्या दुर्बिणीपेक्षा तासभर हात न हलवता बसण्याची सवय अधिक कामाची आहे.

भेकर झुडपांतून मान खाली घालून, पाऊल उंच उचलत, थांबत थांबत येते. ते थबकले, कान तुमच्याकडे वळले आणि पुढचा पाय अधांतरी राहिला, तर श्वासही संथ करावा व नजर थेट रोखू नये. नराची लहान शिंगे केसाळ, लांब खुंटांवर असतात आणि वरचे सुळे ओठांबाहेर डोकावतात. ही खूण पटवून घेण्यासाठी हाच क्षण मिळतो. शेपटी उभारून तिची पांढरी बाजू दिसली की ते निघालेच, असे समजावे.

माणसांची वर्दळ असलेल्या पायवाटेजवळ भेकर बोलत जाणाऱ्यांना बऱ्याचदा सोसते, पण त्याच वाटेवर कोणी अचानक थांबून त्याच्याकडे रोखून पाहू लागला की बिथरते. संशय आल्यावर ते कुत्र्यासारखे भुंकते आणि हे भुंकणे बराच वेळ चालू शकते. ते तुमच्यावर भुंकत असेल, तर त्या दिवशीचे निरीक्षण संपवून शांतपणे माघारी फिरावे. भुंकण्याचा रोख दुसरीकडे असेल, तर तेथे बिबट्या किंवा कोळसुंदे (रानकुत्रे) असू शकतात, म्हणून त्या दिशेला मुळीच जाऊ नये.

झुडपात ठिपकेदार पाडस एकटेच निपचित पडलेले दिसले, तर ते अनाथ आहे असे मानून उचलू नये. आई त्याला लपवून चरायला गेलेली असते. तारेचा फास आढळल्यास मात्र जागेची नीट नोंद करून वनरक्षकाला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर त्याच दिवशी कळवावे.